गाडी तापते, पण केव्हा?

आंब्याच्या हंगामात रत्नागिरीहून कोल्हापूरकडे चढणाऱ्या आंबा घाटात भर दुपारी एक दृश्य हमखास दिसते. पेट्या रचून वर ताडपत्री आवळलेली एखादी जुनी पिकअप वळणाच्या कडेला उभी असते, मागच्या चाकाला दगड लावलेला असतो, बॉनेट उघडे असते आणि चालक हातात पाण्याचा कॅन घेऊन वाफ ओसरण्याची वाट पाहत असतो. तासाभराने गाडी कशीबशी घाट चढते, दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये जाते आणि तेथून एक महागडा प्रवास सुरू होतो. आज थर्मोस्टॅट काढला, पुढच्या आठवड्यात वॉटर पंप बदलला, मग पंख्याचा पट्टा, आणि शेवटी मिस्त्री गंभीर चेहऱ्याने सांगतो, "हेड खोलावं लागेल."

ताप आलेला रुग्ण वैद्याकडे गेला, तर वैद्य औषधाआधी ताप केव्हा चढतो हे विचारतो. सकाळी की संध्याकाळी, थंडी वाजून की घाम येऊन, रोज की एक दिवसाआड, या उत्तरांवरून त्याचे अर्धे निदान होते. गाडीच्या तापाचेही तसेच आहे. ती कोणत्या वेळी, कोणत्या वेगाला, किती ओझ्याला आणि सुरू झाल्यापासून किती मिनिटांनी तापते, एवढे नीट सांगता आले, तर दोष नेमका कुठे शोधायचा हे बहुतेक वेळा गॅरेजच्या दारातच ठरते. दुर्दैव असे, की हा प्रश्न मिस्त्री क्वचितच विचारतो आणि मालकही आपण होऊन सांगत नाही.

आधी पाण्याची वाट समजून घ्यावी लागते. डिझेल जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो, जवळपास तितकाच धुराबरोबर बाहेर जातो आणि उरलेला इंजिनच्या धातूत उतरतो. हा उरलेला भाग बाहेर नेण्याचे काम पाण्याचे. वॉटर पंप रेडिएटरच्या तळातून पाणी ओढून इंजिनच्या ब्लॉकमध्ये ढकलतो. ते पाणी सिलिंडरांभोवती फिरून हेडमध्ये चढते आणि थर्मोस्टॅटच्या दारातून वरच्या होज पाइपने पुन्हा रेडिएटरच्या माथ्याशी येते. तेथील बारीक नळ्यांतून उतरताना वाऱ्याने थंड होते. थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असते. इंजिन थंड असताना दार बंद राहते. पाणी बहुधा ८२ अंश सेल्सिअसच्या आसपास आले की मेण वितळून फुगते आणि दार उघडते. रेडिएटरचे झाकण हाही नुसता बूच नव्हे. त्यावर बहुधा ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो बारमधील दाब होय. झाकण दाब धरून ठेवते म्हणून आतले पाणी १०० अंशांना उकळत नाही. १ बार जादा दाबाखाली त्याचा उत्कलनबिंदू सुमारे १२० अंशांपर्यंत जातो.

घाटातल्या त्या चालकाने झाकणाला तत्काळ हात का लावू नये, याचे कारणही यातच आहे. आतले पाणी ११० अंशांवर असेल आणि झाकण सैल केले, तर दाब एका क्षणात जातो आणि त्या पाण्याचा काही भाग जागच्या जागी वाफ होऊन बाहेर फेकला जातो. झाकणावर फडके टाकून ते हळूच फिरवण्याची युक्ती अनेकांच्या चेहऱ्यावर आणि हातांवर कायमची खूण ठेवून गेली आहे. वाफ येत असेल तर इंजिन बंद करावे आणि निदान अर्धा-पाऊण तास थांबावे. वरचा होज दाबून पाहावा. तो दगडासारखा ताठ असेपर्यंत झाकण उघडू नये. निवल्यावर पाणी घालायचे तेही इंजिन चालू ठेवून आणि थोडे थोडे; लालभडक तापलेल्या हेडवर गार पाण्याचा लोंढा गेला, तर धातूला चीर जाऊ शकते. काटा वर चढू लागला आहे पण वाफ नाही, अशा वेळी ज्या गाडीत हीटर आहे तिथे तो पूर्ण उघडून वेग कमी करावा. केबिनमध्ये भट्टी होते खरी, पण तेवढी उष्णता इंजिनमधून निघून जाते.

आणखी एक शंका आरंभीच फेडून घ्यावी. गाडी खरोखर तापते आहे, की नुसता काटाच चढतो आहे? बारा-पंधरा वर्षांच्या गाडीत सेन्सर बिघडतो, वायर गंजते, अर्थिंग सैल होते. उलटा प्रकार अधिक घातक असतो. पाणी इतके कमी होते की सेन्सर कोरडा पडतो, काटा खाली येतो आणि चालक निर्धास्त होतो. इकडे हेड मात्र भाजून निघत असते. लांबून तापमान दाखवणारे इन्फ्रारेड यंत्र ज्या गॅरेजमध्ये आहे, तिथे ही शंका दोन मिनिटांत मिटते. करोनाच्या काळात कपाळासमोर धरले जाणारे यंत्र मात्र या कामाचे नाही. ते माणसाच्या तापापुरतेच बनवलेले असते.

आता मूळ प्रश्न. गाडी बाजार समितीच्या रांगेत किंवा नाक्यावर उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्याला लागली की काटा खाली येतो, तर संशय पंख्यावर घ्यावा. गाडी धावत असताना वारा आपोआप मिळतो; उभी असताना तो पंख्यानेच द्यायचा असतो. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला असता एक-दीड सेंटिमीटरपेक्षा फार अधिक दबला, तर तो सैल आहे. काही गाड्यांत पंखा घट्ट सिलिकॉन तेलाच्या क्लचवर बसवलेला असतो. इंजिन बंद आणि थंड असताना तो हाताने फिरवून पाहावा. किंचित अडखळत थांबला तर ठीक. भिंगरीसारखा फिरत राहिला तर क्लच गेला. पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे कडे तुटले म्हणून फेकून दिलेले अनेक गाड्यांत आढळते. ते शोभेसाठी नसते. ते नसेल तर पंखा रेडिएटरमधून वारा ओढण्याऐवजी आजूबाजूचाच गरम वारा घुसळत बसतो.

गाडी सुरू करून पाच-सात मिनिटांतच काटा टोकाला जातो आणि वरचा होज मात्र गारच राहतो, तर बहुधा थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकलेला असतो. त्याची परीक्षा सोपी आहे. तो काढून पाण्यात दोऱ्याने लोंबता ठेवावा, पाणी तापवावे आणि तापमापी धरून दार केव्हा उघडते ते पाहावे. यासाठी स्वयंपाकघरातले भांडे घेऊ नये. कारण पुढे येईल. थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकण्याची जी सर्रास पद्धत आहे, ती मात्र उपचार म्हणता येणार नाही. इंजिन कधीच पुरेसे तापत नाही, डिझेल अधिक जळते, ऑइल लवकर खराब होते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना एक आडवाटही बंद करतो. तो काढला की बरेचसे पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनमध्येच शिरते, आणि थंड व्हावी म्हणून केलेल्या कृतीनेच गाडी अधिक तापते.

राहिला घाट. घाटाचा दाखला देऊन निदान करणे अवघड असते, कारण चढावर वेग कमी, गिअर खालचा आणि ओझे पुरेपूर. तिथे पंखा आणि रेडिएटर दोहोंची परीक्षा एकदमच होते. दोहोंपैकी कोण नापास झाला हे घाट सांगत नाही. ते सपाट रस्ता सांगतो.

शिरोळ तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाची गोष्ट या दृष्टीने सांगण्याजोगी आहे. घरची पिकअप तेरा वर्षांची. एरवी भाजीपाला कोल्हापूरच्या बाजारात न्यायचा आणि एप्रिल-मे मध्ये कोकणातून आंबा आणायचा, हा त्यांचा नेम. शेतीचे उत्पन्न पावसाच्या हाती. हंगामातल्या त्या सहा-सात आठवड्यांचे भाडे मात्र हमखास. एका वर्षी ऐन हंगामाच्या तोंडावर गाडी घाटात तापू लागली. एका गॅरेजने थर्मोस्टॅट काढला, दुसऱ्याने वॉटर पंप नवा बसवला. ताप तसाच. तिसऱ्याने हेड गॅस्केटचे निदान केले आणि हेड खोलण्याचा जो अंदाज सांगितला, तो ऐकून घरात गाडी विकण्याची भाषा सुरू झाली. धाकट्याने हट्ट धरला, की विकण्यापूर्वी जयसिंगपूरच्या बाजूच्या एका वृद्ध रेडिएटर कारागिराला एकदा दाखवू.

त्या कारागिराने बॉनेट उघडलेच नाही. बाकड्यावर बसूनच त्याने विचारले, "अण्णा, घाटाचं राहू द्या. कागलच्या सरळ रस्त्याला माल भरून सत्तरच्या वेगानं गेला, तर काटा कुठं असतो?"

अण्णांनी मुलाकडे पाहिले. मुलगा म्हणाला, "अर्ध्याच्या वर चढतो, चाचा. गाडी हळू केली की उतरतो."

"आणि बाजारात उभी असताना?"

"तिथं काही नाही. तासभर चालू ठेवली तरी जागचा हलत नाही."

"पाणी कमी होतं?"

"घाटात उकळून जाईल तेवढंच. एरवी नाही."

"घालता कुठलं?"

"मळ्यातल्या बोअरचं," अण्णा म्हणाले, आणि क्षणभर थांबून पुढे म्हणाले, "पण गाळून घालतो."

या चार उत्तरांत निदान होऊन गेले होते. सत्तरच्या वेगाला समोरून भरपूर वारा मिळत असतानाही गाडी तापते, म्हणजे दोष पंख्याचा नव्हे. उष्णता रेडिएटरच्या नळ्यांपर्यंत पोहोचत नाही किंवा तेथून बाहेर पडत नाही. उभ्या गाडीत उष्णताच थोडी असते, म्हणून अर्धा बुजलेला रेडिएटरही तेवढे काम निभावतो. एरवी पाणी घटत नाही, म्हणजे गॅस्केटवर आरोप ठेवायला आधार नाही. कारागिराने मग इंजिन गरम करून तापमानाचे यंत्र रेडिएटरच्या जाळीवर फिरवले. माथ्याला ९० च्या घरात आकडा आणि खालच्या उजव्या अंगाला तळहाताएवढे दोन-तीन पट्टे ४० च्या आसपास. त्या भागातून पाणी जातच नव्हते. रेडिएटर जुन्या घडणीचा, तांब्या-पितळेचा होता. टाकीचा डाग उघडून पाहिले, तेव्हा अनेक नळ्यांची तोंडे पांढुरक्या थराने बुजलेली निघाली. नळ्यांतून सळई फिरवून तो थर काढला, टाकी पुन्हा डागली, थर्मोस्टॅट नवा बसवला. हेडच्या खर्चाच्या एका कोपऱ्यात काम झाले. ॲल्युमिनियमचा गाभा आणि प्लास्टिकच्या टाक्या असलेल्या नव्या घडणीच्या रेडिएटरला हा उपाय लागू पडत नाही. तो आतून बुजला तर बहुधा बदलावाच लागतो.

अण्णांचे "गाळून घालतो" हे वाक्य अनेक घरांत तितक्याच विश्वासाने उच्चारले जाईल. ज्या घरात पिण्याच्या पाण्याला गाळणे कधी चुकत नाही, तिथे गाडीलाही गाळलेलेच पाणी मिळते, हे स्वाभाविक आहे. पण वस्त्राने गाळल्यावर पाण्यातले जीव आणि कचरा अडतो. विरघळलेला क्षार अडत नाही. शिरोळ परिसरातील क्षारपड जमिनीचा प्रश्न सर्वपरिचित आहे, आणि तेथील बोअरचे पाणी गीझरच्या कॉइलवर कसा थर चढवते हे गृहिणींना वेगळे सांगायला नको. तोच थर रेडिएटरच्या काही मिलिमीटर रुंदीच्या नळ्यांत आणि हेडच्या पोकळ्यांत चढतो. धातूच्या तुलनेत हा थर उष्णता फार कमी वाहून नेतो, त्यामुळे पाणी फिरत असले तरी उष्णता धातूतच अडून राहते. म्हणून बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणि योग्य प्रमाणात कुलंट एवढेच रेडिएटरमध्ये जावे. घाटात अडल्यावर मिळेल ते पाणी घालावे लागते, त्याला इलाज नाही. पण घरी आल्यावर ते काढून टाकण्याचा आळस करू नये.

रेडिएटर बाहेरूनही बुजतो, ही साधी गोष्ट पुष्कळदा निसटते. उसाच्या पाचटाची कुसे, चिखल, कीटक हे सारे जाळीत अडकते. मागून विजेरी धरली असता पुढे उजेड दिसत नसेल, तर धुण्याची वेळ झाली. पाण्याचा मारा इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला आणि हलका असावा. सर्व्हिसिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने पत्र्याची नाजूक पाती आडवी होतात आणि वाट कायमची बंद होते. खालचा होजही पाहावा. जुना, मऊ पडलेला होज इंजिनचा वेग वाढवताच पंपाच्या ओढीने चपटा होतो आणि वेग कमी होताच पूर्ववत गोल होतो. गाडी उभी असताना तपासणाऱ्याला तो निर्दोष दिसतो.

हेड गॅस्केटचे नाव घ्यायचे, ते पुरावा हाती आल्यावरच. कुठेही थेंब गळत नसताना पाणी रोज कमी होते. सकाळी थंड इंजिन सुरू करून मिनिटभरातच वरचा होज ताठ होतो. झाकण काढून, अर्थात थंड इंजिनावर, सुरू केले असता पाण्यातून एकसारखे बुडबुडे येत राहतात. सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर निघतो, ऑइल दुधी होते. यांपैकी दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या, तर संशय बळावतो. ऑइलच्या झाकणाखालचा नुसता दुधी साका मात्र पावसाळ्यात जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीतही दिसतो. तेवढ्यावरून हेड खोलू नये. खात्रीसाठी दोन चाचण्या आहेत. एकीत झाकणाच्या जागी छोटा हातपंप लावून झाकणावरील आकड्याइतका दाब भरतात आणि पंधरा-वीस मिनिटे तो टिकतो का ते पाहतात. दुसरीत रेडिएटरच्या तोंडातील हवा एका निळ्या द्रवातून ओढतात. जळलेला वायू पाण्यात शिरत असेल, तर द्रवाचा रंग पालटतो. या चाचण्या न करता हेड खोला म्हणणाऱ्या मिस्त्रीला मालकाने नम्रपणे थांबवावे. उलट चाचणीत दोष निघाला, तर "हंगाम संपू दे, मग पाहू" हा विचारही परवडणारा नाही. तशीच चालवलेली गाडी हेड वाकवते किंवा फोडते, आणि मग गॅस्केटऐवजी हेडच आणावे लागते.

आणि झाकण! काही शे रुपयांची ही वस्तू सर्वांत शेवटी आठवते. त्याचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग ढिली पडली, की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळते, बाटलीत उतू जाते आणि थंड झाल्यावर परत ओढले जात नाही. लक्षणे हुबेहूब मोठ्या दोषासारखी. जुन्या गाडीच्या तपासणीचा आरंभ येथूनच केला, तर बिघडत काहीच नाही.

दुरुस्तीनंतर पाणी भरताना इंजिनात हवा अडकते, आणि ती हवाच पुन्हा ताप आणते. नवा भाग बसवूनही गाडी तापली अशी तक्रार पुष्कळदा याच कारणाने होते. गाडीचे तोंड चढाकडे करून, झाकण उघडे ठेवून थंड इंजिन सुरू करावे, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालू द्यावे, बुडबुडे थांबेपर्यंत पाणी पुरवावे आणि मगच झाकण लावावे. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा पाहावी.

कुलंटच्या रंगावर विसंबू नये. हिरवा, लाल, निळा हे रंग उत्पादक आपल्या सोयीने देतात. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला प्रकार घ्यावा आणि दोन प्रकार एकत्र करू नयेत, कारण काही मिश्रणांचा चिकट गोळा होऊन नळ्या बुजतात. बहुतेक गाड्यांना कुलंट आणि पाणी निम्मे-निम्मे चालते. आपल्याकडे पाणी गोठण्याचे भय नसले, तरी कुलंट गंज रोखते आणि उत्कलनबिंदू वाढवते. निव्वळ कुलंट भरण्यात शहाणपण नाही. ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही.

जुने कुलंट काढताना मात्र विशेष सावध राहावे लागते. बहुतेक कुलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि पोटात गेल्यास विषारी असते. अंगणात, गॅरेजसमोर किंवा गटाराच्या कडेला ओतलेले हे पाणी गोडीमुळे कुत्री, मांजरे चाटतात, तहानलेली गुरे पितात. मूत्रपिंडे निकामी होऊन एक-दोन दिवसांत त्यांचा जीव जातो, आणि कशाने गेला हे ओतणाऱ्याला कळतही नाही. मांजरासाठी चमचाभरही पुरेसे ठरते. थर्मोस्टॅट उकळण्यासाठी स्वयंपाकघरातले भांडे नको, ते याचसाठी. रेडिएटर रिकामा करताना खाली परात नव्हे, टाकाऊ घमेले ठेवावे. काढलेले कुलंट घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून त्यावर ठळक अक्षरांत "विष" असे लिहावे, तो मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर ठेवावा आणि जुने ऑइल व कुलंट गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी द्यावा. जमिनीवर सांडलेच, तर त्यावर माती किंवा लाकडाचा भुसा पसरून ते टिपून घ्यावे आणि जागा भरपूर पाण्याने धुऊन काढावी.